खिडकीखालची लादी

१

आमच्या घरातली लादी मी पसंत केली. क्षमा, माझी बायको, बरोबर होती, पण तिने फक्त रंग सुचवला. बाबांनी आपलं मत दिलं होतं आणि ते मी ऐकलं नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही.

ही १९८६ सालची गोष्ट. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. बिल्डर साधी करडी लादी देत होता. चिंचपोकळीच्या चाळीत उभा जन्म गेल्यावर नव्या घरात पुन्हा करडं काही नको, हा माझा हट्ट. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं लादीच्या दुकानात गेलो.

बाबा, म्हणजे माझे वडील काशीराम, पस्तीस वर्षं गिरणीत मागांवर होते. शेकडो माग एकदम धडधडतात तिथे, कान शाबूत ठेवून कोणी घरी येत नाही. बाबांचे पन्नाशीतच गेले. ओठांवरून त्यांना बोलणं समजायचं, पण त्यांचे खरे कान पायांत होते. चाळीत जमीन लाकडी फळ्यांची. बाहेर गॅलरीतून कोण येतंय, घाईत आहे की रमतगमत, हे बाबा आत बसून सांगायचे. माझी आई, शेवंती, डाव्या पायानं अधू होती. तिचं एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं. ती नळावरून हंडा घेऊन निघाली की बाबा दार उघडायला उठायचे. ज्या दिवशी ती नळापाशी कोसळली, त्या दिवशी कुणी ओरडायच्या आधी बाबा भरल्या ताटावरून उठून धावले होते. आई त्यातच गेली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

दुकानात नमुन्याच्या लाद्या जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या. बाबांनी चपला काढल्या आणि एकेका लादीवर डोळे मिटून उभे राहू लागले. दुकानदार हसला. "आजोबा, लादी डोळ्यांनी बघायची असते," म्हणाला. मला शरमेनं कानकोंड्यासारखं झालं. पिवळसर पांढऱ्या मोझॅकवर बाबा जेमतेम क्षणभर थांबले.

"नंदू, ही नको रे. हेच्यावर पायाक काय लागना नाय," ते म्हणाले.

"दिसते किती छान बघा," मी ओठ मोठे करून म्हटलं. मी तीच घेतली.

२

लादी बसवायला अंबादास मिस्त्री आला. कमी बोलणारा, सोलापूरकडचा माणूस. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, लादी टेकवायची, थापीच्या मुठीनं ठोकत ठोकत खाली बसवायची, दोरी लावून ओळ सरळ करायची. सगळं घर झाल्यावर तो उकिडवा बसून प्रत्येक लादी मुठीनं वाजवत फिरला. नीट बसलेली लादी ठणठणीत वाजते. हॉलमधल्या खिडकीखालची एक लादी मात्र बद्द वाजली.

"साहेब, ही पोकळ राहिली. खाली माल नीट गेला नाही," अंबादास म्हणाला. "काढून परत बसवतो. दोन दिवस पाय ठेवायचा नाही."

पॉलिशचं मशीन दुसऱ्या दिवशी यायचं होतं आणि त्यानंतर लगेच वास्तुशांत होती. भटजी ठरले, पत्रिका गेल्या, मामा गावाहून निघाले. मी म्हटलं, "एका लादीनं काय होतंय? राहू दे."

"मागाहून मला बोल लावू नका," तो म्हणाला.

मी टेलिफोन खात्यात तक्रारी नोंदवून घेण्याच्या कामावर आहे. छोटी तक्रार दुसऱ्या दिवसावर ढकलायची सवय हाडीमासी मुरलेली. मी मान हलवली आणि विषय संपवला.

पॉलिश झालं. दोन दिवस राखाडी चिखलाच्या पाण्यात घर न्हालं आणि मग लादी अशी चमकली की क्षमाला तिच्यात आपल्या बांगड्या दिसल्या. आम्ही दोघं हरखून गेलो होतो. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढाच आज त्याचा पश्चात्ताप होतो.

३

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की बाबा दचकतात. क्षमानं मागून चहाचा कप पुढे केला तरी दचकायचे. चाळीत असं कधी झालं नव्हतं. दिवसभर ते अनवाणी घरात हळूहळू फिरायचे, कुठेतरी थांबायचे, पुन्हा चालायचे.

एकदा मला म्हणाले, "नंदू, ह्या घरात माणसां रवतत की नाय?"

"आम्ही आहोत ना, बाबा."

"दिसतास. पण कळना नाय."

तेव्हा मला कळलं, की माझे वडील खरे बहिरे आता झाले आणि त्यांना मी बहिरं केलं. पण लादी बसून गेली होती. वाटलं, होईल सवय.

मग एका संध्याकाळी कामावरून आलो तर बाबा खिडकीखाली खुर्ची टाकून बसलेले. दोन्ही पाय त्या एका लादीवर जोडून ठेवले होते. मी दारातून आत आलो आणि त्यांनी मागे न बघता विचारलं, "इलंस? आज दमलंस रे, झिला. पाय जड पडतत तुझे."

मला हुंदकाच आला. पोकळ राहिलेली ती एक लादी हलत होती आणि घरातलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचवत होती. क्षमानं कुकर उतरवला, शेजारच्यांनी दार आपटलं, सगळं ते सांगायला लागले. जेवणही तिथेच घ्यायला लागले. माझ्या आळसातून काहीतरी चांगलं निघालं, म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

४

पंधरा-वीस दिवसांनी, शनिवारी दुपारी, बाबांनी विचारलं, "खाली कोण रवता?"

"कोणी नाही. मालक मस्कतला असतो. कुलूप आहे."

"चालता कोणतरी."

मी खाली जाऊन बघून आलो. कुलपावर धूळ होती. दाराच्या फटीत वीजबोर्डाचा कागद खोचलेला, तो तसाच पिवळा पडत होता. दाराला कान लावला, आत काही नव्हतं. पाण्याचा पंप असेल, असं मी ठरवलं. पंप साडेतीनला सुरू होतो आणि आता दोन वाजले होते, हे आठवल्यावर पाइपातली हवा असेल असं ठरवलं. तक्रारीला कारण लिहिल्याशिवाय आमच्याकडे ती बंद करता येत नाही.

वर आलो तेव्हा बाबांनी माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. एक बोट टेकवलं. दुसरं घासत आणलं. एक टेकवलं. दुसरं घासत आणलं.

मी हात काढून घेतला.

"तुझी आवस," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा चाळीत दार उघडायला उठताना खुलायचा.

आठवण आहे, मी स्वतःला समजावलं. म्हातारा माणूस, एकटा पडलाय, पायांना सवय आहे त्या चालीची. कोणालाही असं होईल. पण त्यानंतर ते रोज सांगू लागले. आज ती लांब आहे, जिन्याच्या बाजूला. आज मोरीखालून गेली. आज स्वयंपाकघराच्या खाली बराच वेळ होती, मग इकडे वळली. ती त्यांना शोधत होती आणि रोज थोडी जवळ येत होती. मी जेवताना ऐकून घ्यायचो आणि क्षमाकडे बघायचं टाळायचो.

एका रविवारी बाबांनी चालीबद्दल काहीच सांगितलं नाही. मी खुणेनं विचारलं, "आज?"

"आज चालना नाय. उभी आसा."

"कुठे?"

बाबांनी आपल्या पायांकडे बोट केलं. "हय. माझ्या तळव्याक तळवो लावन."

मी त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. दोन्ही पाय लादीवर सपाट टेकलेले, बोटं किंचित पसरलेली. त्यांच्याखाली इंच-दीड इंच लादी, मग माल, मग स्लॅब. त्याच्याखाली मस्कतवाल्याची बंद खोली. ते सगळं मला ठाऊक होतं. तरी क्षणभर मला दिसलं ते असं, की जमिनीच्या पलीकडे कोणीतरी उलटं उभं आहे, डोकं खाली करून, आणि या दोघांच्या मध्ये फक्त ती लादी आहे.

५

बाबा खुर्चीवरून उठेनासे झाले. अंघोळीलाही हात धरून न्यावं लागायचं, आणि तिथून ते घाईघाईनं परत यायचे. दिवसभर बसून पाय सुजले. बोलणंही कमी झालं. पायाची बोटं मात्र सारखी हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. उत्तर ऐकावं तशी थांबायची.

त्यांना असं सुखात मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. हेच मला आज जास्त टोचतं.

क्षमाला मात्र ते घर खायला उठलं. एके दुपारी मी घरी होतो, बाबा मोरीत होते, आणि तिनं मला हळूच हाक मारली. तिच्या हातात फडकं होतं. लादी पुसताना तिथे थोडं पाणी सांडलं होतं.

"बघ," ती म्हणाली.

लादीवरच्या पाण्यात एक वर्तुळ उठलं आणि कडेला गेलं. मग पाणी एका बाजूला थरथरत सरकलं, काही घासत गेल्यासारखं. पुन्हा वर्तुळ. आम्ही दोघं स्तब्ध उभे होतो, घरात दुसरं कोणी चालत नव्हतं. मोरीचं दार उघडलं, बाबा बाहेर आले, आणि पाणी थांबलं.

"ती लादी काढ, नंदू," क्षमा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "नाहीतर मी दहिसरला आईकडे जाते. मला इथे दिवसभर एकटीनं नाही राहवत."

"पोकळ लादी आहे. ट्रक गेला तरी हलेल."

"मग नीट बसवून घे ना! मिस्त्री सांगत होता तेव्हा का नाही बसवलीस?"

मलाही भीती वाटत होती, ते कबूल करतो. बाबांच्या पायांची सूज हे कारण मी पुढे केलं. खुर्ची सुटली की माणूस हिंडेल-फिरेल. कागदावर लिहायला कारण चांगलं होतं.

६

अंबादासला बोलावलं त्या सकाळी मी बाबांना क्षमाबरोबर स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे पाठवलं. सूज दाखवून या, म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण दारातून निघताना बाबांनी वळून लादीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "इतक्यात येतंय. सांग तिका." मी मान हलवली.

अंबादासनं छिन्नीनं सांधा मोकळा केला आणि लादी उचलली. सहज निघाली. खाली माल होता, कोरडा, मधे खळगा पडलेला, बाकी काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं लादी उलटी केली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

लादीची खालची बाजू खरखरीत सिमेंटची असते. ही गुळगुळीत होती. मधोमध शेजारी शेजारी दोन खळगे होते, जुन्या उंबरठ्यावर पडतात तसे झिजलेले. एक गोल आणि खोल. दुसरा उथळ आणि लांबट.

"साचाच खराब असणार कारखान्यात," अंबादास म्हणाला. त्यानं खळग्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच काढून घेतला. "पण मी बसवली तेव्हा अशी नव्हती, साहेब. मी हातानं माल लावलाय हिला."

"दुसरी आहे ना शिल्लक?" मी विचारलं.

"आहे."

"मग ती लाव. माल भरपूर घाल. आणि ही घेऊन जा."

तेव्हा मी थांबू शकलो असतो. तीच लादी तशीच ठेव म्हणू शकलो असतो. समोर सगळं उघडं होतं आणि हो-नाही म्हणणारा मीच होतो. अंबादासनं खळगा ओल्या मालानं भरला, नवी लादी टेकवली, मुठीनं ठोकली. तिसऱ्या ठोक्याला आवाज ठणठणीत आला. त्यानं जुनी लादी गोणपाटात गुंडाळली आणि जाताना पहिल्यांदाच मला नमस्कार केला नाही.

बाबा आले ते सरळ खिडकीखाली गेले. लादी ओली होती, मी अडवायला पुढे झालो, पण ते उभे राहिलेच. बराच वेळ उभे होते. आधी एक पाय हलवला, मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ती भायर रवली रे, झिला," ते म्हणाले.

७

पुढचे आठ दिवस बाबा घरभर चालले. एका लादीवर दोन्ही पाय जुळवून उभे राहायचे, डोळे मिटायचे, वाट बघायचे. मग पुढच्या लादीवर. खिडकीपासून पॅसेजपर्यंत, तिथून मोरीच्या दारापर्यंत, मग आमच्या खोलीत, मग परत आपल्या खाटेपाशी. अंबादासचं काम आता चोख होतं, सगळं घर ठणठणीत. जेवायला बसवलं तरी दोन घास खाऊन उठायचे. सूज वाढली, तरी थांबायचे नाहीत.

सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर बसलो आणि ओठ मोठे करून सांगितलं, "बाबा, मी ती लादी परत काढतो. मिस्त्रीला बोलावलंय."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर हात फिरवला. "आज?"

अंबादासचं काम वर्सोव्याला चालू होतं. त्याचा निरोप आला होता, रविवारी येतो. मी म्हटलं, "रविवारी."

छिन्नी आणि हातोडा शेजारच्यांकडे होता. एक लादी फोडायला मिस्त्री लागत नाही. पण चमकत्या लादीवर आपल्या हातानं घाव घालायचा, आणि मग क्षमाला काय सांगायचं, या विचारानं मी रविवारवर टाकलं. फक्त तीन दिवस, असं मनाशी म्हटलं.

बाबा शनिवारी दुपारी गेले. क्षमा पाणी घेऊन गेली तेव्हा ते खाटेच्या कडेला बसून मागे कलंडले होते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवलेले होते.

८

तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर क्षमाच्या हातून पितळेचा गडू पडला. बाबांच्या खाटेपाशी पडला आणि आवाज बद्द आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी खाली बसून बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. जिथे शेवटी त्यांचे पाय टेकले होते, ती लादी पोकळ झाली होती.

महिन्याभरात आणखी झाल्या. अंबादासला बोलावलं, तो उकिडवा बसून घरभर वाजवत फिरला आणि पोकळ लाद्यांवर खडूनं फुल्या मारत गेला. खिडकीखालून निघून पॅसेज, मोरीचं दार, आमची खोली, खाट.

"लादी सुटते कधी कधी, साहेब. पण अशी रांगेनं सुटलेली मी बघितली नाही," तो म्हणाला. "सगळी उखडून नवीन टाकू या."

मी नको म्हटलं. त्या फुल्या कशाच्या आहेत ते मला ठाऊक होतं. त्या आठ दिवसांत बाबा जिथे जिथे उभे राहिले, तिथे तिथे ती मागाहून पोचत होती. प्रत्येक ठिकाणी उशिरा.

क्षमानं मग घरात चपला वापरायला सुरुवात केली. मीही. गार लागतं, असं आम्ही लोकांना सांगतो. मेल्यावर माणसं एकमेकांना भेटतात म्हणतात, मीही तेच धरून चाललो होतो. बाबा गेले म्हणजे तिच्याकडेच गेले असणार, निदान एवढं तरी झालं असणार. पण मग जमिनीखाली अजून कोण कुणाला शोधतंय? आणि बाबा कुठे आहेत?

गेल्या रविवारी क्षमा दहिसरला गेली होती. दुपारी तीनच्या सुमारास मी बाबांच्या खाटेपाशी आलो, चपला काढल्या आणि खुणेच्या लादीवर दोन्ही पाय जुळवून उभा राहिलो. बाबांसारखे डोळे मिटले. फार वाट पाहावी लागली नाही. आधी पॅसेजच्या बाजूनं आलं, एक पाऊल आणि मग घासणं. घाईनं आलं. माझ्या उभ्या आयुष्यात आईला एवढ्या घाईनं चालताना मी बघितलं नव्हतं.

ती माझ्याखाली येऊन थांबली. तळव्यांखालची लादी उबदार झाली. मग बोटांखाली काहीतरी फिरलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, हळूहळू, आंधळं माणूस तोंड चाचपतं तसं. दोन्ही पायांवरून फिरलं. मग पुन्हा एकदा फिरलं, खात्री करून घेतल्यासारखं. आणि ऊब निघून गेली.

मी गुडघ्यांवर बसलो, लादीला तोंड लावलं आणि ओरडलो, "आई, मी आहे. नंदू. बाबा गेले गं. ते इथे नाहीत." तीनदा सांगितलं. ती पुढच्या लादीखाली गेली होती. तिथे थोडा वेळ थांबली, आणि मग तिच्या पुढच्या.